गीतांतील 'आम्ही'

"सर, या गाण्यांत दगा नेमका कोणीं दिला?" नवव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें. गाणें होतें सुरेश भटांचें 'उषःकाल होता होता'. 1979 सालच्या 'सिंहासन' या चित्रपटांत तें आशा भोसले यांनीं गाइलें असून त्यास हृदयनाथ मंगेशकर यांचें संगीत आहे.

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, चित्रपट सत्तास्पर्धेचा आहे. स्वातंत्र्याची पहाट होईल या आशेवर जनता बसली आणि तिच्या पदरीं अंधार आला. सबब दगा देणारे ते राज्यकर्ते. मुलगा खालीं बसला, परंतु त्याच्या मुद्रेवर समाधान दिसलें नाहीं.

कारण आम्हांस ठाऊक होतें. पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; पुढें चाकणपर्यंत कारखाने पसरले, आणि हजारों कुटुंबें कोणाच्या तरी शब्दावर विसंबून येथें राहावयास आलीं. त्यांतलेंच या मुलाचें कुटुंब. वडील एका कारखान्यांत कंत्राटी कामगार. कायम करूं, असें तोंडी आश्वासन त्यांस मिळालें होतें. सात वर्षांनीं एके सकाळीं फाटकावरच त्यांचा पास काढून घेतला. ते आमच्याकडे आले, तेव्हां तेथील एका अधिकाऱ्याशीं बोलण्याचें वचन आम्हीं दिलें. पुढें एका समारंभांत ते अधिकारी आमच्या शेजारींच बसले. शाळेच्या पारितोषिकांस त्यांच्या खटपटीनें देणगी मिळत असे. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या; आम्हीं तो विषय काढला नाहीं.

मुलाच्या प्रश्नानंतर त्या रात्रीं आम्हीं गीत पुन्हां ऐकलें. त्यांत 'वधस्तंभ' हा शब्द येतो. मराठी ख्रिस्ती मनुष्यास तो पवित्र शास्त्रांतून बाळपणापासून परिचित. तो कानीं पडतांच प्रभूच्या अटकेची रात्र आठवली. यहूदानें चांदीच्या तीस नाण्यांस धनी विकला, हें सर्वश्रुत आहे. पेत्रानें एक नाणेंही घेतलें नाहीं. तो मुख्य याजकाच्या अंगणांत शेकोटीपाशीं ऊब घेत बसला आणि 'मी त्यास ओळखत नाहीं' असें तीनदां म्हणाला. कोंबडा आरवला, पहाट झाली. परंतु पेत्राच्या वाट्यास ती रडण्याची पहाट आली.

भटांच्या गीतांत घाव घालणारे 'ते' आहेत खरे. परंतु बोलणारे 'आम्ही' आहेत, आणि ते स्वतःसही सोडीत नाहींत. घाव पडत असतां आपली खुशाली ऐकत बसणारेही हेच 'आम्ही'. यहूदा थोडे; शेकोटीपाशीं बसणारे पेत्र पुष्कळ. म्हणूनच मशाली पेटविण्याची हांक राज्यकर्त्यांस नसून ऐकणारांस आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या अधिकाऱ्यांकडे गेलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व आतां फार उशीर झाला, असें सांगितलें. तें आम्हीं मुलाच्या घरीं जाऊन, आपल्या मौनासह, त्याच्या वडिलांस कळविलें. ते कांहीं क्षण बोलले नाहींत. मग त्यांनीं मुलास चहा आणण्यास सांगितलें. त्यांच्या अनुमतीनेंच हें लिहीत आहों.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत दिलेलें उत्तर आम्ही येथें मागें घेतों.