बशीतली चिल्लर

मराठीत वरच्या पैशाला शब्द किती! बक्षिसी, खुशाली, चिरीमिरी, चहापाणी, दिवाळीची पोस्त. आता टीप. गावात तर दारोदार भाकरी मागण्यालाच हक्क म्हणत. बावन्न हक्क! ज्याला काही हक्क नाही त्याच्या लाचारीला हक्क नाव द्यायचं, ही व्यवस्थेची हुशारी.

आपल्या पोरांत हल्ली एक मत ऐकतो. टीप देऊ नये. ती सरंजामी सवय. आपण खिशातून नाणं काढून टाकलं तर आपल्यात आणि पाटलात फरक काय? वाक्य टाळ्यांचं आहे. पण ते बोललं जातं हॉटेलातच, आणि शेजारी उभा राहून वेटर टेबल पुसत असतो. त्याला कुणी विचारत नाही, बाबा, तुला पगार किती?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. त्याआधी दोन वर्षं एका हॉटेलात वाढप्याचं काम केलं. कामाला ठेवताना शेट म्हणला, "पगार कमी हाय, पण वर टीप मिळतीय की." तेवढ्यात सगळं आलं. गिऱ्हाइकाच्या खिशातला पैसा शेटनं आधीच माझ्या पगारातून वजा केला होता. टीपचा डबा गल्ल्याजवळ. रात्री तो शेटच उघडणार. फुटलेल्या कपाचे, गिलासाचे पैसे आधी त्यातनं कापणार, उरलेलं वाटणार. गिऱ्हाईक समजायचं, पोराला दिले. दिले होते शेटला.

आणि गिऱ्हाईक नुसतं काम बघत नाही. तोंड बघतं. हसलास का? "साहेब" म्हणलास का? एखादा बोलता बोलता विचारतो, नाव काय रे? नाव सांगितलं की, आडनाव? आडनाव सांगितलं की गप्प. मग बडीशेपेच्या बशीत कधी दहाची नोट, कधी दोनचं नाणं, कधी नुसती बडीशेप. कशामुळं कमी पडलं, हे विचारायची सोय नाही. खुशीला कारण विचारता येत नाही.

आता गिरणीत मी सूत काढतो. त्याचा शर्ट जो घालतो त्याला माझं तोंड ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही. माझा पगार त्याच्या मर्जीवर नाही. मालकाशी भांडण आहे, जबर आहे, पण ते आकड्याचं आहे. आकड्यावर भांडता येतं. मर्जीवर काय भांडणार?

आजा सांगायचा. त्याचा बाप येसकर. पाळी आली की दिवसभर चावडीवर हजर. अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं, टपाल पोचवायचं, मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचं, मेलेलं ढोर ओढायचं. संध्याकाळी टोपलं घेऊन जोहार घालत दारोदार. कुणी ताजी भाकर वाढायचं, कुणी शिळी, कुणी "उद्या ये". तीही वरून टाकायची, हाताला हात लागू न देता. कामाचा हिशेब नाही, भाकरीचा नाही. मान किती खाली घातली, एवढाच हिशेब.

बाबासाहेबांनी यावर काय केलं? १९२७ साली महाडला सांगितलं, उष्टं खाणं सोडा, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. त्यात काय होतं, नीट बघा. बलुतं पैशात ठरवा. ते साऱ्याबरोबर वसूल करा. महाराला रोख पगार द्या. म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामधला उंबरठाच काढून टाकायचा. ते बिल तेव्हा पास झालं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. बाबासाहेब ते बघायला नव्हते.

खुशी हक्क बनते, याला गिरणीचा दाखला आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. मालक बोनस देऊ लागले. नफा घटला तसा १९२३ साली बंद केला. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखाहून जास्त कामगार बाहेर पडले. सरन्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीनं ठरवलं, बोनसवर कामगाराचा हक्क शाबीत होत नाही. म्हणजे ती शेटची बक्षिसी! संप हरला. (बोनस मागणाऱ्या त्याच गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते, तेही विसरू नका.) पण लढाई चालू राहिली. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. आज कायद्यात बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, मालकाला तोटा झाला तरी. कुणाच्या खुशीचा प्रश्नच नाही.

१९७२ साली दलित पँथरनं ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांनीही हेच भोगलंय. गुलामी १८६५ साली कायद्याने संपली. मग पुलमन कंपनीनं सुटलेले गुलाम आपल्या रेल्वेडब्यांत बिछाने घालायला, बूट पुसायला ठेवले. पगार तुटपुंजा, बाकी टीपवर. प्रवासी सगळ्यांनाच मालकाच्या नावानं "जॉर्ज" म्हणायचे. १९२५ साली फिलिप रँडॉल्फच्या पुढारपणाखाली त्यांची युनियन झाली, १९३७ साली कंपनीला करार करावा लागला. तरी रीत मेलेली नाही. तिथल्या केंद्राच्या कायद्यानं आजही मालक वेटरला तासाला २.१३ डॉलर देऊन बाकीचा किमान पगार टीपमधून वळता करू शकतो. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही.

मग आपण काय करायचं? टीप द्यायची. बशी रिकामी ठेवल्यानं शेटचं काही जात नाही, पोराचं जातं. आता तर लोक गल्ल्यावर स्कॅन करून निघून जातात, बशीत सुटे पडतच नाहीत. म्हणून डब्यात टाकू नका, हातात द्या. आडनाव विचारू नका. त्याच्या हसण्याची वाट बघू नका.

पण देऊन सुटका झाली असं समजू नका. हॉटेल कामगाराला किमान वेतनाचा कायदा लागू आहे. त्याच्याकडं पगारपत्रक आहे का? आठवड्याची सुट्टी? डब्यातून फुटलेल्या कपाचे पैसे कोण कापतं? हे त्याला विचारा आणि कामगार आयुक्ताच्या कचेरीत त्याच्याबरोबर जा.

वेटर आपल्या बैठकीला येत नाहीत, ही तक्रार मी ऐकली आहे. येतील कसे? बैठकीच्या वेळेला ते चहा देत असतात. एखादी बैठक रात्री बारानंतर लावा, शटर पडल्यावर.