रुतलेल्या यंत्राची कैफियत

ओहायोच्या चिकणमातीवर एप्रिल-मे महिन्यांत पावसाची एक झड येऊन गेली, की तिथल्या अंगणांतले ब्लूग्रास आणि फेस्क्यू या जातींचे गवत अशा काही ईर्ष्येने वाढू लागते, की शनिवारी कापलेली हिरवळ पुढच्या शनिवारी पुन्हा घोट्याच्या वर आलेली असते. आणि गवत आठ-दहा इंचांवर वाढू देणाऱ्या घरमालकास ताकीद देण्याचा तिथल्या अनेक नगरपालिकांचा शिरस्ता असल्यामुळे, जमीन पुरती वाळण्याची वाट न पाहताच माणसे बसून चालवायच्या मोअरवर स्वार होऊन बाहेर पडतात. उताराच्या तळाशी पाणी मुरत राहिलेल्या सखल जागी मागचे एक चाक रुतते ते अशा वेळी. मागच्या दोन चाकांना इंजिनाची ओढ वाटून देणाऱ्या डिफरन्शियलची रचनाच अशी, की ज्या चाकाखालची जमीन निसरडी तेच गरगरत राहते आणि कोरड्या भूमीवरचे दुसरे निश्चल उभे असते. मग इंजिन बंद पडते, आणि चावी फिरवली तरी यंत्र दाद देत नाही.

रुतणे आणि सुरू न होणे ही दोन स्वतंत्र संकटे एकदमच ओढवली, असे त्या क्षणी मालकास वाटते. पण बहुधा दुसरे संकट पहिल्याच्याच पोटी जन्मलेले असते, आणि हे ज्याच्या ध्यानी आले त्याचा अर्धा संताप तिथेच निवतो. चाक फिरू लागले की मनुष्य त्रासून खाली उतरतो. पाती चालू असतात, ब्रेक लावलेला नसतो. बैठकीखाली एक लहानसा स्विच दडलेला असतो, तो अंगावरचे वजन उठताच इंजिनाची ठिणगी तोडतो. पुन्हा चढून बसल्यावर, पात्यांचा खटका ओढलेलाच राहिला असेल, किंवा ब्रेकच्या पेडलाखाली चिखलाचा गोळा बसून ते पुरते दबत नसेल, तर स्टार्टरपर्यंत वीज पोहोचतच नाही. यंत्र बिघडलेले नसते; ते आपल्या रक्षणाचा बंदोबस्त चोख पाळत असते.

मुलीच्या घरी मुक्कामास असताना असा एक प्रसंग मी जवळून पाहिला. “बाबा, चावी फिरवते आहे, पण साधा आवाजसुद्धा नाही,” असे ती म्हणाली, आणि त्या एका वाक्यात तपासाची दिशा होती. अजिबात आवाज नसेल तर हे स्विच आणि फ्यूज आधी पाहावेत. ‘टक्’ असा एकच आवाज होऊन सारे शांत झाले, तर बॅटरी, तिची टोके किंवा सोलेनॉइड यांची जबानी घ्यावी. टकटक अशी घाईघाईची मालिका उठली, तर बॅटरी क्षीण झाली आहे असे समजावे. विसावलेली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. बाराच्या खाली उतरली की तिच्याकडून अपेक्षा करू नये. तिथे खटका आत ढकलला, पेडलाखालचे ओले गवत काडीने खरवडून काढले, तेव्हा नुसती टक् झाली; कारण मधल्या काळात वारंवार चावी फिरवून बॅटरी थकलेली होती, आणि तिच्या टोकावर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. आधी ऋण टोकाची काळी तार सोडवून मुलीने त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी सोडले. ते फसफसले, भुकटी विरघळली आणि खालचे शिसे राखाडी, स्वच्छ दिसू लागले. ते जुने शिसे उघडे होताना पाहण्यात एक निर्मळ समाधान होते.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशी तक्रार असेल, तर मामला निराळा. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये बहुधा 10 टक्के इथेनॉल असते. ते हवेतली आर्द्रता शोषते, आणि हिवाळाभर टाकीत राहिलेल्या इंधनाचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रात बसतो.

चिखलातून यंत्र काढायचे, तर घाईने दोर बांधून ओढू नये. ज्यांची गती तेलाच्या दाबावर चालते त्या हायड्रोस्टॅटिक यंत्रांच्या मागच्या अंगास एक दांडी असते. ती ओढून मोकळी केल्यावाचून चाके हाताने ढकलताही येत नाहीत, आणि मोटारीमागे बांधून फरफटत नेल्यास आतील योजनेचा नाश होतो. चाकाखाली एक फळी सारावी, दोघांनी मिळून हळू ढकलावे.

इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने लोकरी कापडावरचे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन 1830 साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्याची पाती माणसाच्या बळाने फिरत. आज आसनाखाली फिरणाऱ्या पात्याचे टोक ताशी 200 मैलांच्या आसपास धावते. अमेरिकन सरकारने 1982 पासून हाताने ढकलायच्या मोअरची पाती दांडा सुटल्यावर तीन सेकंदांत थांबलीच पाहिजेत असा नियम केला, तो या वेगाची जाणीव ठेवून. म्हणूनच बैठकीखालच्या त्या स्विचला तारेचा तुकडा जोडून कायमचे गप्प करण्याची जी सोपी तजवीज सुचवली जाते, ती मला घोर अविचाराची वाटते. आपल्या घरच्या यंत्रात अशी तार कोणी घातलेली असेल, तर या शनिवारी गवताला हात घालण्यापूर्वी ती काढा, आणि नवा स्विच बसवा.