काळ्या पत्र्यावरचे चरे

बाबांनी १९८७ साली लॅमिंग्टन रोडवरून ॲम्प्लिफायर आणला, तेव्हा काळं यंत्र म्हणजे नवं यंत्र. सत्तरच्या दशकातली जपानी यंत्रं चंदेरी तोंडाची असत. ऐंशीत काळ्याची चलती झाली. आईला दिवाणखान्यात तो काळा डबा जड वाटायचा, पण कुमार गंधर्वांची कॅसेट लागली की तक्रार मिटायची.

चंदेरी पत्र्यावरचा चरा पटकन दिसत नाही. काळ्यावर मात्र आतला धातू उघडा पडतो आणि रेघ डोळ्यांत खुपते. गिरगावातून डोंबिवली, तिथून माझ्याबरोबर पुणं. दर बिऱ्हाडागणिक रेघा वाढल्या. डाव्या कोपऱ्यावरचा टवका टेम्पोच्या फाळक्याचा. आवाजाच्या बटणाभोवतीचे बारीक अर्धगोल बाबांच्या अंगठीचे.

दुरुस्तीला बसताना आधी बघावं, काळेपणा कशाचा आहे. आमच्या यंत्राची दर्शनी पट्टी ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची. तिच्यावर रंगाचा वेगळा थर नसतो. विजेच्या प्रक्रियेने धातूच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड होतं, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवून ती बंद करतात. त्यामुळे चऱ्यापुरतं ॲनोडाइझिंग घरी होत नाही. रेघेत रंग भरणं एवढंच हाती राहतं. वरचं झाकण रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचं. तिथे प्रश्न नुसता दिसण्याचा नाही, पावसाळ्यात गंज चऱ्यातून रंगाखाली सरकतो. आधी पॉलिश पेपरने तो काढायचा, प्रायमर लावायचा, मगच काळा हात.

बरेच जण मार्कर फिरवून मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. पुष्कळ मार्करची शाई उजेडात जांभळट मारते. आणि रंग जुळला तरी चकाकी जुळायला हवी. मंद पत्र्यावर तुकतुकीत ठिपका पडला की नजर नेमकी तिथे जाते. म्हणून मी मॅट इनॅमलची लहान डबी घेते, टूथपिकच्या टोकाने रंग रेघेच्या आतच सोडते, काठावर आलेला ओला असतानाच टिपते. छापील अक्षरांजवळ थिनरचा बोळा नेतच नाही, ‘व्हॉल्यूम’ बघता बघता पुसलं जाईल.

अंगठीचे अर्धगोल फार उथळ, त्यांत इनॅमल ठरत नाही. त्यांना काळ्या मेणाचा हलका हात पुरतो. तो काही महिन्यांत उडतो आणि पुन्हा द्यावा लागतो. दिवाळीच्या साफसफाईत हे काम माझं. घरात दुसऱ्या कुणाला मी त्या यंत्राला फडकं लावू देत नाही.