मडक्यातल्या बिया

जबलपूर जिल्ह्यातील पाटनच्या परिसरात ज्याला कुम्हडा म्हणतात, तोच मराठी घरांतला लाल भोपळा, कुठे डांगर. नाव कोणतेही असो, पिकलेले फळ फोडले की बिया धुऊन, वाळवून, राखेत कालवून मडक्यात ठेवण्याची रीत जुनी आहे. कधी एखादे वर्ष पेरणी राहून जाते, मग दुसरेही. पुढे कधीतरी ते मडके हाती लागते, तेव्हा आतल्या मूठभर बिया जिवंत आहेत की नाहीत, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

बी निजलेली असली तरी तिचा श्वास चालू असतो. कवचाआडचा अंकुर आपल्याच साठ्यातले अन्न कणाकणाने खर्च करीत असतो. ओल आणि उष्णता वाढली की हा खर्चही वाढतो; म्हणूनच राख, घट्ट झाकण आणि गारवा. भोपळ्याच्या बिया साधारणतः चार ते सहा वर्षे चांगल्या उगवतात, कोरड्या व थंड जागी त्याहून अधिक.

जुन्या बियांसाठी सर्वांत चिकाटीने झटणारे लोक मात्र दूर देशी आहेत. कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी निवड करीत करीत ‘अटलांटिक जायंट’ हे भोपळ्याचे महाकाय वाण सिद्ध केले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्पर्धेत एक भोपळा सुमारे १,२४७ किलो भरला. (चवीला ही फळे बेताचीच!) असे भोपळे पिकवणारे शेतकरी प्रत्येक बीची वंशावळ लिहून ठेवतात आणि नामांकित फळाची जुनी बीही टाकून देत नाहीत. मूळ टोकाकडून फुटते. तेवढा भाग सोडून बीच्या कडा ते पॉलिश पेपरने हलकेच घासतात. काही तास कोमट पाण्यात भिजवून बी ओलसर, पण निथळत नसलेल्या फडक्यात गुंडाळतात आणि उबेला ठेवतात. जुनी बी सावकाश जागी होते. तोवर तिला बुरशीपासून जपावे लागते.

आपल्याकडे ही खटपट वजनासाठी नव्हे, वाण टिकावे म्हणून करावी लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरातच देशी बियाण्यांची बँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

प्रमाणित बियाण्यात भोपळ्याच्या शंभरातल्या किमान साठ बिया उगवाव्या लागतात. मात्र ज्या वाणाच्या दहाच बिया उरल्या आहेत, तेथे एक उगवली तरी पुरते. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधाव्यात, म्हणजे मधमाशी परक्या वेलाचे पराग आणीत नाही. पहाटे नर फुलाचे पराग मादी फुलाला लावून ते पुन्हा बांधून टाकावे. फळ धरले की त्या देठाला खुणेची चिंधी बांधावी आणि ते भाजीसाठी तोडू नये, असे घरात सर्वांना सांगून ठेवावे.