समुद्र नंतर, मळे आधी

प्रिय ओंकार,

मॉरिशस की मालदीव, यावर तुझा आणि सायलीचा अजून खल चालू आहे, असं ताई फोनवर सांगत होती. त्यात मी तिसरं नाव घुसडते : साओ तोमे आणि प्रिन्सिपे. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात ही दोन ज्वालामुखी बेटं आहेत. सगळा देश मिळून गोव्याच्या पाव भागाहून थोडा मोठा, आणि दोघांचा एके काळचा मालकही एकच, पोर्तुगीज. गोवा 1961 मध्ये सुटला. लिस्बनमधली हुकूमशाही 1974 मध्ये कोसळली आणि पुढच्या वर्षी, 12 जुलैला, हा देश स्वतंत्र झाला.

समुद्र सुंदरच आहे. दक्षिणेकडे जंगलातून एकदम आभाळात घुसलेला काओ ग्रांदेचा सुळका बघून तोंडाचा आ वासतो. पण नुसत्या किनाऱ्यासाठी एवढी यातायात करू नका. तिथे जायचं ते कोकोचे मळे बघायला. तिथे मळ्याला रोसा म्हणतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगात सर्वांत जास्त कोको ही चिमुकली बेटं पिकवत होती. गुलामगिरी कागदोपत्री संपली होती, पण अंगोलातून 'करारा'वर आणलेली माणसं परत जात नसत. बोभाटा इतका झाला, की 1909 मध्ये इंग्लंडच्या कॅडबरीसारख्या कंपन्यांनी इथला कोको घेणं थांबवलं. (त्याआधी बरीच वर्षं सगळं कानावर येत असूनही घेतच होत्या, हेही लक्षात ठेव.) पुढे पोर्तुगीज आपल्याला मळ्यांवर सक्तीनं राबायला लावतील, या धास्तीनं स्थानिक लोक बिथरले, तेव्हा 3 फेब्रुवारी 1953 पासून बातेपा या गावी गोळीबार आणि छळ झाला. शेकडो माणसं मेली. तो दिवस आजही तिथे सुट्टीचा आहे.

ऑगस्तिन्यो नेतो या मळ्यावर जा. रस्ता चढत जातो आणि टोकाला एखाद्या राजवाड्याच्या थाटात बांधलेलं मळ्याचं इस्पितळ उभं आहे. आता पार पडझड झालेलं. आत कुटुंबं राहतात, खिडक्यांत कपडे वाळत असतात. आपण पर्यटक म्हणून जातो, पण ते लोकांचं घर आहे. आधी विचार, मग फोटो काढ. कुणी कोकोचं फळ फोडून देईल. बियांभोवतीचा पांढरा गर सीताफळासारखा चोखायचा, आंबटगोड लागतो. बी मात्र चावू नकोस, कडूजहर असतं. लाकडी खोक्यांत केळीच्या पानांखाली आंबवल्यावर आणि वाळवून भाजल्यावरच त्याला चॉकलेटचा वास येतो.

आता तुझ्यासाठी खास. प्रिन्सिपेवर सुंदी नावाचा मळा आहे. 29 मे 1919 ला खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन तिथेच दुर्बीण लावून बसले होते. ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना आइन्स्टाइन म्हणतात तितका वाकतो का, हे खग्रास ग्रहणात मोजायचं होतं. सकाळी धो धो पाऊस. दुपारी ग्रहण लागलं तरी आभाळ भरलेलंच. काचांवर सोळा छायाचित्रं घेतली. शेवटी ढग थोडे विरळ झाले आणि कामाला आल्या त्या दोनच काचा. ब्राझीलमधल्या सोब्राल इथे दुसरी तुकडी होती, तिची मोजमापं जोडीला आली, म्हणून निभावलं. वर्गात हे प्रकरण शिकवताना तू फळ्यावर नुसता कोन काढतोस. पोरांना तो पाऊसही सांग. सुंदीच्या मालकाच्या वाड्यात आता हॉटेल आहे. खिसा रिकामा करणारं, पण अंगणात फेरफटका मारायला हरकत नाही.

आता व्यवहाराचं. भारतातून थेट विमान नाही. लिस्बनवरून जाणं सोयीचं. जून ते सप्टेंबर कोरडा हंगाम, चालायला बरा. कासवं अंडी घालायला येतात ती मात्र आपल्या हिवाळ्यात. पीतज्वराची लस घ्या, हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. कार्डाच्या भरवशावर राहू नका, युरोच्या नोटा जवळ ठेवा. जेवणात मासे, शिजवलेली केळी आणि नीरफणस. पालेभाज्यांत शिजवलेलं माशांचं कालुलू मिळालं तर सोडू नका. सायली मासे खात नाही, तेव्हा तिच्यासाठी मेतकूट न्या.

आणि प्रिन्सिपेला जाणारं विमान छोटं असतं. त्यातल्या जागा आधी धरा, मग लिस्बनचं तिकीट काढा.

तुझी,
मावशी