आठ हजार फुटांवरचं गाव

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात त्याच्या वर जमीन नाही. बारी गावातून पहाटे निघायचं, लोखंडी शिड्या चढायच्या, दर टप्प्यावर दम खायचा, तेव्हा कुठं देवीच्या देवळाशी पोचता येतं. आणि मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानात खिडकीपाशी बसलेल्या एखाद्या आजीबाई पदर सावरत त्याहूनही विरळ हवेत श्वास घेत असतात. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. विमान बाहेर पस्तीस हजार फुटांवर उडत असतं. आत मात्र सहा-सात, फार तर आठ हजार फुटांवरच्या डोंगरातली हवा राखलेली असते. आठ हजार फूट, म्हणजे २४३८ मीटर, ही नियमानं ठरलेली कमाल मर्यादा. उटीपेक्षाही थोडी वरची. दीड-दोनशे माणसांचं हे गाव धावपट्टी सुटली की वसू लागतं आणि विमान जागेवर येऊन थांबलं की उठतं. मला या गावाचं फार अप्रूप वाटतं. खिडकीतून दिसणाऱ्या ढगांपेक्षाही जास्त.

आपण सगळे हवेच्या तळाशी राहतो. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलोचा भार असतो. उघड्या तळहातावरच पाऊण क्विंटलच्या आसपास. तरी हात खाली जात नाही, कारण हवा खालूनही तेवढ्याच जोरानं रेटते आणि शरीराच्या आतही तोच दाब भरलेला आहे. जन्मापासून अंगावर असलेला भार जाणवणार तरी कसा? उंच गेलं की तो हलका होतो, हे माणसानं मोजून पाहिलं ते १९ सप्टेंबर १६४८ रोजी. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम नावाच्या डोंगरावर चढले. दुसरी नळी त्यांनी खाली शहरात ठेवली होती आणि तिच्यावर नजर ठेवायला एका माणसाला बसवलं होतं. शिखरावर पारा आठेक सेंटिमीटर उतरला. खालचा पारा दिवसभर जागचा हलला नव्हता.

विमानाचा उंचीमापक मूळचा याच जातीचा. तो जमिनीपासूनचं अंतर मोजत नाही, बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. पण दाब काही रोज एकसारखा नसतो. मुंबईत जानेवारीत तो साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो. आषाढात, मान्सूनचे ढग दाटून आले की १००३ च्या आसपास उतरतो. एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळपास तीस फूट. जानेवारीचा आकडा तसाच ठेवून कुणी जुलैत उतरू लागलं, तर उंचीमापक त्याला खऱ्यापेक्षा तीनशे फूट वर दाखवेल, आणि पावसात धावपट्टी दिसत नसताना तीनशे फूट ही फार मोठी चूक असते. म्हणून खाली येणाऱ्या प्रत्येक विमानाला नियंत्रण कक्षातून त्या घडीचा दाब कळवला जातो, वैमानिक तो आकडा म्हणून दाखवतो आणि यंत्रावर लावतो. ज्याच्या सांगण्यावरून पेरिए डोंगर चढले, त्या पास्कालचं नाव असं रोज आपल्या डोक्यावरच्या आकाशात उच्चारलं जातं.

पस्तीस हजार फुटांवर बाहेरचा दाब समुद्रकाठच्या एक चतुर्थांशाहूनही कमी असतो आणि तापमान शून्याखाली पन्नासच्याही खाली गेलेलं असतं. तिथं उघड्यावर माणसाचं भान अर्ध्या ते एका मिनिटात हरपतं. त्या पोकळीत गाव वसवायचं तर आत सतत हवा भरावी लागते. बहुतेक विमानांत ती इंजिनातूनच येते. इंजिन जी हवा दाबून घट्ट करतं, तिच्यातली थोडी बाजूला काढून, थंड करून केबिनमध्ये सोडतात. आणि शेपटीच्या बाजूला एक झडप असते. ती किंचित उघडते, किंचित मिटते. आत येणारी हवा किती बाहेर जाऊ द्यायची, एवढंच तिचं काम. दर मिनिटाला दोन-दोन हजार फूट चढणाऱ्या विमानात आतलं गाव मात्र मिनिटाला तीनशे-पाचशे फुटांच्या संथ चालीनं डोंगर चढत असतं. आपली सगळी सुखरूपता या संथपणात आहे. दाब बदलला तर शरीर सांभाळून घेतं. त्याला फक्त वेळ हवा असतो.

तरीही खुणा उमटतातच. बरोबर घेतलेल्या चिवड्याचं बंद पाकीट तट्ट फुगतं. आत कोंडलेली हवा आठ हजार फुटांवर सुमारे एक तृतीयांशानं वाढते. पोटातल्या वायूलाही तोच नियम लागू. पण दाबाची खरी खबर ठेवतो तो कान. पडद्यामागच्या इवल्या पोकळीतून घशाकडे एक बारीक नळी जाते. चढताना त्या पोकळीतली जास्तीची हवा नळीतून आपसूक बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरून आत यायचं असतं, आणि नळीचं घशाकडचं तोंड मिटून राहतं. पडदा आत ओढला जातो, आवाज दुरून आल्यासारखे वाटतात, कानांना दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली, की ते तोंड क्षणभर उघडतं आणि जग पुन्हा ऐकू येऊ लागतं.

एकदा पुण्याला उतरताना पुढच्या रांगेत एक तान्हं बाळ अचानक किंचाळून रडू लागलं. आई गोंधळली, थोपटू लागली, खुळखुळा वाजवू लागली. पलीकडच्या नऊवारीतल्या आजी तिच्याकडे वळल्या. "अगं, पाजायला घे त्याला. कान दुखतायत त्याचे."

"आजी, आत्ता तर झोपला होता हो."

"झोपला होता म्हणूनच तर! झोपेत कोण गिळतंय? आम्ही एसटीनं कुंभार्ली घाट उतरताना लेकरं अशीच पदराखाली घ्यायचो."

तिनं बाळाला घेतलं. दोन-चार घोट गेले असतील, रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. बाळांची ती नळी मोठ्यांपेक्षा अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे त्यांना दुखतं जास्त, आणि दूध गिळणं हाच त्यांच्यासाठी सर्वांत सोपा उपाय. वैद्यकाच्या पुस्तकात जे लिहिलंय ते आजी घाटात शिकल्या होत्या. गाव आठ हजार फुटांवर वसलं तरी अशी एक जाणती बाई त्यात असावी लागते.

लेहला जाणाऱ्या विमानात तर सगळं उलट घडतं. तिथला विमानतळ ३२५६ मीटरवर, म्हणजे केबिनच्या कमाल मर्यादेच्याही वर. विमान खाली येत असतं आणि आतलं गाव मात्र वर चढत असतं. दार उघडायच्या आधी आतली हवा लेहइतकी विरळ करावीच लागते. आपल्याकडची इतकी माणसं हल्ली लडाखला जातात. शहाणा माणूस तिथं पहिला दिवस नुसता पडून काढतो. विमानालाही ती हवा जड जाते. हवा विरळ असली की पंखांना आधार कमी आणि इंजिनाला जोर कमी. दुपारच्या उन्हानं ती आणखी विरळ होते, वारेही उठतात. म्हणून लेहची उड्डाणं सकाळी आटोपून घेण्याचा रिवाज आहे.

माणसाचं शरीर प्रवास संपला की दाब विसरतं. धातू विसरत नाही. प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग आतल्या हवेनं किंचित फुगतं आणि उतरल्यावर पुन्हा आक्रसतं. या फुगण्या-आक्रसण्याची किंमत जगाला कळली ती कॉमेटमुळे. जेट विमानानं तिकीटधारी प्रवासी नेण्याची सुरुवात २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर झाली, ती याच ब्रिटिश विमानानं. मग १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ, हवेतच फुटून समुद्रात कोसळलं. दोन्ही मिळून ५६ माणसं गेली. फार्नबरोच्या संशोधकांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं, आतही पाणी भरलं आणि दाब वाढवत-उतरवत हजारो उड्डाणांचा ताण त्याला सोसायला लावला. शेवटी पत्रा फाटला, एका झरोक्याच्या कोपऱ्यातून. ताण तिथंच एकवटत होता. आज आपण जिला कपाळ टेकवतो त्या खिडकीची गोलाई त्या ५६ माणसांची आठवण आहे, असं मी मानते. त्याच खिडकीत तळाशी टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं आणि त्याच्याभोवती बर्फाची नक्षी धरते. त्या भोकामुळे दाबाचा सगळा भार बाहेरची काच घेते आणि मधली काच राखीव राहते.

एवढं सगळं असूनही हे गाव माणसाच्या सावधपणावरच उभं आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनला हवा पुरवणारा स्विच चालू करायचा राहून गेला. मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, आणि विमान मुंबईला परत फिरलं. सारे वाचले. २००५ साली ग्रीसमध्ये, दाबाची कळ चुकीच्या जागी राहिल्यामुळे, एका विमानातल्या १२१ जणांपैकी कुणीच वाचलं नाही. हे मी भीती घालायला लिहीत नाही. दर उड्डाणाआधी तीच यादी पुन्हा वाचणाऱ्या वैमानिकाला आपण मनोमन नमस्कार करावा, एवढ्यासाठी लिहिते.

आणि आपणही आपल्या वाट्याचं करावं. नाक चोंदलेलं असेल तर प्रवास पुढे ढकलता येतो का ते पाहा, नाहीतर डॉक्टरांना विचारा. तारकर्लीला समुद्रात बुडी मारून आला असाल, तर दुसऱ्या दिवशीचंच तिकीट काढा. विमान उतरू लागलं की शेजारी झोपलेल्याला हलकेच उठवा. त्याचे कान तुम्हाला दुवा देतील. आणि सुरुवातीला सूचना देणारी ती मुलगी मास्क दाखवत असते, तेव्हा मोबाइलवरची नजर काढून तिच्याकडे बघा. मास्क आधी स्वतःला, मग लेकराला, असं ती सांगते तेव्हा आईच्या जिवाला ते पटत नाही. हात आधी लेकराकडेच जातो. तो हात आवरा. वर अर्ध्या मिनिटाचीच मुदत असते, आणि शुद्धीवर असलेली आईच लेकराला वाचवू शकते.