सांधा

कल्याण सोडले, की खडखडत आमची गाडी उजवीकडे वळते; दुसरे रूळ कसाऱ्याला जातात. 1856 पासूनची ही फाटाफूट! विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मग आमचे बदलापूर.

घरी नातवाच्या चिमुकल्या आगगाडीच्या सांध्याला मी मोटार बसविली. मोटार म्हणायची, फिरत काहीच नाही! दोन वेटोळी, मधला लोखंडी दांडा इकडून तिकडे. वीज द्यायची ती क्षणभरच. मी कळ दाबून धरली, वेटोळे जळाले. नातू दोन दिवस अबोल.

उल्हासनगरच्या एका कारागिराने नवी तार गुंडाळून दिली. तरी गाडी घसरलीच. सांध्याची जीभ रुळाला नीट टेकत नव्हती. खऱ्या रेल्वेत मध्ये 5 मिलिमीटरचा अडथळा असला, तरी सांध्याला कुलूप लागत नाही, सिग्नल मिळत नाही.

दांडा किंचित सरकविला.

“आजोबा, आता कसाऱ्याला सोडू?”